क्लाउडवरचा क्वांटम संगणक: खानापुरातून वापरला

पावसानं वीज गेलेली, तरी मोबाईलच्या नेटवर बीएस्सीच्या पोरांना हा फुकटातला क्वांटम संगणक दाखवलाच. जीएचझी (तीन क्युबिट, म्हणजे क्वांटम बिट, एकमेकांत गुंतवलेली अवस्था) चालवली: निकालांच्या आलेखात ००० आणि १११ चे उंच खांब, मधे नको तिथं उगवलेले बारके खांब. तोच नॉइज, म्हणजे यंत्रातला गोंगाट! पोरं डोळे फाडून बघत होती. मग फळ्यावर समजावलं: दोन क्युबिटांत सरसकट नॉइज मिसळला, की पूर्ण गुंतलेल्या अवस्थेचा वाटा ७१ टक्क्यांखाली येताच सीएचएसएच कसोटी (निकाल साध्या, बिगर-क्वांटम नियमांनी समजावता येतात का ते तपासणारी) २ ची मर्यादा ओलांडत नाही, गुंतागुंत (क्युबिटांमधलं क्वांटम नातं) मात्र ३३ टक्क्यांच्या वर जिवंत राहते. जीएचझीतला एक क्युबिट गमावला तर उरलेल्या दोघांतलं क्वांटम नातं संपतं, डब्ल्यू अवस्थेत (तीन क्युबिट गुंतवायची दुसरी तऱ्हा) टिकतं. प्रयोग चालायच्या आधी ऑनलाइन रांगेत तासभर थांबवलं, ते खटकलं. तरी पाचपैकी चार तारे, मनापासून.