एररचा अलार्म: आकड्यावर लावायचा की प्रमाणावर?

नेटवर्क स्विचच्या पोर्टवर एररचा अलार्म दोन तऱ्हांनी लावता येतो. ठरावीक वेळात किती एरर वाढल्या त्या आकड्यावर, किंवा आलेल्या फ्रेम्सपैकी (डेटाच्या तुकड्यांपैकी) किती खराब निघाल्या त्या प्रमाणावर. सगळ्या काउंटरना एकच नियम लावला की रात्रभर फोन तरी वाजतो, नाहीतर खरा बिघाड झाकला जातो.

सीआरसी एररला, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम्सच्या मोजणीला, आकडा बरा. १० गिगाबिट फायबरला मानकाने १०¹² (एकावर बारा शून्ये) बिटांमागे एक चूक चालते. लिंक पूर्ण भरलेली असली तरी १०० सेकंदांत सरासरी एक, म्हणजे ५ मिनिटांत तीन. म्हणून मर्यादा १० ठेवली की पुरे. स्विचवरच्या आरमॉनमध्ये (देखरेखीच्या अंगभूत सोयीत) हे सहज जमतं: नमुना ३०० सेकंदांचा, प्रकार डेल्टा (मागच्या नमुन्यापासूनची वाढ), वरची मर्यादा १०, खालची ०. एकदा अलार्म वाजला की एक नमुना पूर्ण स्वच्छ जाईपर्यंत तो पुन्हा वाजत नाही. इथे डेल्टाऐवजी ॲब्सोल्युट (काउंटरचा एकूण आकडा) निवडलं तर काउंटर कधी खाली येतच नाही, त्यामुळे अलार्म एकदा वाजून कायमचा गप्प बसतो. ही चूक सर्रास सापडते.

प्रमाणासाठी भागाकार लागतो आणि आरमॉनचा अलार्म एकाच काउंटरकडे बघतो. म्हणजे झॅबिक्स, लिब्रेएनएमएससारखं देखरेखीचं बाहेरचं सॉफ्टवेअर हवं. शिवाय छेद लहान असला की गणित फसतं. भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर १,५१८ बाइटच्या फ्रेम्स सेकंदाला सुमारे ८१ हजार जातात. ५ मिनिटांत २.४ कोटी. तिथे दहा लाखांत एक म्हणजे २४ एरर. पण २,००० फ्रेम्स आलेल्या प्रिंटरच्या पोर्टवर एकच खराब फ्रेम दहा लाखांत ५०० होते! त्यामुळे किमान १ लाख फ्रेम्सची अट घालाच.

आउटपुट ड्रॉपला, म्हणजे बाहेर जाताना बफरमध्ये जागा नसल्याने टाकून दिलेल्या फ्रेम्सना, मात्र प्रमाणच. १० गिगाबिटकडून १ गिगाबिटकडे ट्रॅफिक उसळला की बफर भरणारच, त्यात बिघाड काही नाही. सलग तीन नमुन्यांत ०.१ टक्क्याच्या वर गेलं तर बघावं.

लेट कोलिजनला (फ्रेम्सच्या उशिरा झालेल्या टकरीला) मर्यादा १. फुल डुप्लेक्सवर (दोन्ही दिशांना एकाच वेळी) कोलिजन होतच नाही. दिसलं तर हे टोक हाफवर (एका वेळी एकच दिशा) आहे. समोर फुल असेल तर तिथे सीआरसी एरर आणि रंट (अर्धवट, फार लहान फ्रेम्स) वाढलेले दिसतील, म्हणून अलार्म दोन्ही टोकांना लावावा.

कट-थ्रू स्विच (फ्रेम पूर्ण यायच्या आधीच पुढे पाठवणारा) असेल तर सीआरसीचा अलार्म वाजलेल्या पोर्टची केबल लगेच बदलू नका. खराब फ्रेम तपासणी पूर्ण होण्याआधीच पुढे गेलेली असते, त्यामुळे पुढच्या स्विचचा काउंटरही वाढतो. फ्रेम जिथून आत आली तिथपर्यंत एकेक पोर्ट मागे जाऊन पाहा.