कोऱ्या वकीलपत्रावरची सही आणि अपघाताच्या दाव्यात झालेली फसवणूक

नोव्हेंबर 2022 मध्ये नाशिक-पुणे महामार्गावर सिन्नरजवळ माझ्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलला एका मालवाहू टेम्पोने धडक दिली. चालकाने कोणताही इशारा न देता टेम्पो उजवीकडे वळवला होता आणि पोलिसांनी गुन्हाही त्याच्यावरच नोंदवला. भावाच्या उजव्या पायाचे गुडघ्याखालचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि प्लेट टाकावी लागली. तो तेव्हा 29 वर्षांचा होता, औद्योगिक वसाहतीत फिटरचे काम करत होता आणि त्याचा पगार महिना 18,000 रुपये होता.

शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक गृहस्थ आले. हातात फाइल, बोलणे अत्यंत आपुलकीचे. टेम्पोचा क्रमांक आणि त्याची विमा कंपनी त्यांना आमच्या आधीच ठाऊक होती. ही माहिती त्यांना कोणी दिली, हा प्रश्न आम्हाला तेव्हाच पडायला हवा होता. "ताई, सहा महिन्यांच्या आत दावा लावला नाही तर एक रुपयाही मिळणार नाही," असे सांगून त्यांनी वकीलपत्र पुढे केले. त्यावर वकिलाचे नाव नव्हते, न्यायालयाचे नाव नव्हते आणि तारीखही नव्हती. सोबत दोन कोरे कागद होते. आई रडत होती, मी बिलांच्या रांगेतून नुकतीच परतले होते, आणि सलाइन लावलेल्या हाताने भावाने तिन्ही ठिकाणी सही केली. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधांची मूळ बिले त्यांनी नंतर घरी येऊन नेली. आम्ही झेरॉक्सही काढून ठेवली नाही.

सहा महिन्यांची मुदत त्यांनी मनाने रचली नव्हती. मोटार वाहन कायद्यातील ती दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेली आहे. पण त्याच कायद्यात हेही लिहिले आहे की पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाकडे) पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानला जावा, आणि दावा अपघात घडला तिथे लावता येतो तसा आपण राहतो तिथेही लावता येतो. दिवाणी न्यायालयाच्या आवारातील, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणात विचारले असते तर आम्हाला हे पहिल्याच दिवशी कळले असते. आम्ही मुदतीच्या धास्तीने फक्त सही केली.

पुढे दीड वर्ष "तारीख पडली" एवढेच ऐकायला मिळाले. भावाने हेल्मेट घातले नव्हते, आणि आम्ही काही विचारले की ते गृहस्थ हेच पुढे करत. हेल्मेट न घालणे चूक आहे, त्याचा दंडही आहे, हे मी मान्य करते. परंतु इजा पायाला झाली होती आणि हेल्मेट असते तरी ते हाड वाचले नसते. दुचाकीस्वाराचा निष्काळजीपणा धरायचा, तर त्या चुकीचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दिसावा लागतो. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, म्हणून आम्ही खाली मान घालून ऐकत राहिलो.

2024 मध्ये भावाला लोकअदालतीत बोलावले गेले. जाताना वाटेत त्याला पढवण्यात आले की हा पहिला हप्ता आहे, साहेबांनी विचारले तर मान्य आहे म्हणायचे. तो मान्य आहे म्हणाला. ज्या कागदावर त्याने सही केली ती संपूर्ण दाव्याची तडजोड पुरसीस, म्हणजे दावा तडजोडीने मिटल्याचे लेखी निवेदन होती आणि रक्कम होती 3,25,000 रुपये. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. ते कायद्यानेच बंद आहे, आणि आता फसवणुकीच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात रिट याचिका करणे एवढाच चिंचोळा मार्ग उरला आहे.

पैशांसाठी त्यांनीच भावाचे नवे बँक खाते उघडून दिले होते. चेकबुक त्यांच्याकडे, पाच चेकवर भावाच्या सह्या आधीच घेतलेल्या, आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांकही त्यांचाच. मी पासबुक भरून घेतले तेव्हा शेवटच्या दोन ओळी एकाच तारखेच्या होत्या: जमा 3,25,000, नावे (म्हणजे खात्यातून गेले) 1,30,000. म्हणजे बरोबर चाळीस टक्के. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि भरपाईत वाटाही घेता येत नाही. हे गृहस्थ तर वकीलही नव्हते. ज्या वकिलाचे नाव त्या वकीलपत्रावर मागाहून लिहिले गेले, त्यांना आम्ही तोपर्यंत पाहिलेही नव्हते.

त्या चाळीस टक्क्यांपेक्षाही मला तडजोडीच्या आकड्याचे दुःख अधिक आहे. वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यात पायाचे अपंगत्व 32 टक्के लिहिले होते, आणि "नुसत्या पायाच्या टक्क्यांना किंमत नसते" असे म्हणून तो दाखला बाजूला ठेवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे की दाखल्यातील टक्के जसेच्या तसे धरायचे नसतात, तर त्या माणसाच्या कमाईवर किती परिणाम झाला ते पाहायचे असते. माझ्या भावाला आज उकिडवे बसता येत नाही आणि यंत्राखाली वाकून काम करणाऱ्या फिटरचा निम्मा दिवस त्याच अवस्थेत जातो. कारखान्याने त्याला परत घेतले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2009 च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे 26 ते 30 वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, 17 आहे. वर्षाचे 2,16,000 रुपये, गुणिले 17, म्हणजे 36,72,000. कमाईतील घट तीस टक्के धरली तरी 11,01,600 रुपये होतात, आणि त्यात शस्त्रक्रियेचा खर्च, भविष्यातील पगारवाढ, वेदनांची भरपाई व व्याज यांपैकी काहीच धरलेले नाही. न्यायाधिकरणाने एवढी रक्कम दिलीच असती असा माझा दावा नाही, पण हा हिशेब त्यांच्यासमोर कधी मांडलाच गेला नाही.

तुमच्या घरात असा प्रसंग आला तर दवाखान्यात कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका. वकिलांना स्वतः भेटा, मूळ कागद देताना पोच घ्या आणि दावा दाखल होताच त्याचा सीएनआर क्रमांक (न्यायालयात प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश आपल्याला घरबसल्या दिसतात. बँक खाते जुने, आपले आणि आपल्याच मोबाइलला जोडलेले असू द्या. तडजोडीचा कागद समोर आला तर लोकअदालतीच्या मंडळालाच विचारा की यानंतर दावा शिल्लक राहतो का. तसे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आम्ही पोलिसांत फिर्याद दिली आहे आणि संबंधित वकिलांविरुद्ध महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार केली आहे. रिट याचिकेसाठी नवीन वकिलांनी पहिल्याच भेटीत मूळ एक्स-रे मागितले. ते अजून त्या गृहस्थांकडेच आहेत.