जुन्या औषधाची रचना बदलावी की नवा रेणू घडवावा?

एम.फार्म.चा विषय ठरवताना शिरपूर, धुळे, जळगावची मुलं हमखास हे विचारतात. विषाणूविरोधी औषधावर काम करायचंय, तर जुनंच औषध बदलू की अगदी नवा रेणू करू? हाती वर्षभरच असेल तर माझं उत्तर ठाम आहे: जुनं औषध घे.

आपल्याकडे गावरान बोरीवर उमराण या चांगल्या जातीच्या बोराचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. मुळं आधीच खोल गेलेली असतात. असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं तसंच झालं. नागीण या विषाणूमुळे होणाऱ्या पुरळाच्या आजारावर ते गुणकारी, पण तोंडाने घेतलं तर 15 ते 30 टक्केच रक्तात पोचतं, आणि गोळ्या दिवसातून पाच वेळा. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल एस्टर बंधाने, म्हणजे शरीरात सुटू शकणाऱ्या रासायनिक जोडाने, जोडलं आणि व्हॅलासायक्लोव्हिर मिळालं. आतड्यातला पेप्टाइडचा (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा) वाहक त्याला ओढून घेतो, आतड्यात आणि यकृतात व्हॅलिन सुटतं, आणि मूळ औषध 54 टक्क्यांच्या आसपास रक्तात येतं. नागिणीला दिवसातून तीनदा पुरतं. गॅन्सिक्लोव्हिर या दुसऱ्या विषाणूविरोधी औषधावर हीच युक्ती केली, तर 6 टक्क्यांचे 60 झाले!

मात्र हात कुठे लावतोस ते बघ. असायक्लोव्हिरच्या साखळीच्या टोकाच्या हायड्रॉक्सिल (OH) गटावरच विषाणूचं एन्झाइम पहिला फॉस्फेट चढवतं. तो गट कायमचा बंद केलास तर औषध मेलं. एस्टर सुटतो म्हणून चालतो. आणि विषाणूने ते एन्झाइमच गमावलं असेल, तर व्हॅलासायक्लोव्हिरही हरतं. तिथे खरोखर नवा रेणू लागतो, पण ते अनेक वर्षांचं, मोठ्या चमूचं काम. कोविडवरचं निरमाट्रेलव्हिरसुद्धा सार्सच्या साथीत सुरू झालेल्या कामावर उभं आहे.

जुनं औषध काही न बदलता नव्या रोगावर वापरणं हा तिसरा रस्ता. 1964 मध्ये कर्करोगासाठी बनवलेलं झिडोव्ह्युडिन 1987 मध्ये एचआयव्हीवर मान्य झालं. पण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रयोगशाळेत कोरोना रोखत होतं आणि मोठ्या चाचण्यांत रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही. पेशींवरच्या एका निकालावर प्रबंध उभा करू नकोस.

माझा कौल जुन्या औषधाच्या एस्टरला आहे तो आणखी एका कारणाने. नवा रेणू विषाणूवर तपासायला पेशी वाढवणारी, सुरक्षेची सोय असलेली लॅब लागते. ती शोधण्यातच सहामाही जाते. तुझा एस्टर पीएच 1.2 ला (जठरासारख्या आम्लात) किती टिकतो, 7.4 ला (रक्तासारख्या द्रवात) किती वेळात सुटतो, हे मात्र कॉलेजच्याच एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, मोजता येतं. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी त्या मशीनचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) कोणता आहे ते विचारून ये.