ऑर्डनन्स सर्व्हे एक्सप्लोरर: रंग वाचता आले तर उत्तम नकाशा

इंग्लंड-वेल्समध्ये शेतांतून, माळरानांतून पायी फिरायचं तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा, १:२५,००० प्रमाणाचा हाच एक्सप्लोरर नकाशा घ्यावा. त्याच संस्थेचा गुलाबी कव्हरचा लँडरेंजर नकाशा १:५०,००० चा. त्यात शेतांची कुंपणं दिसत नाहीत. वाट कुंपणाच्या अलीकडून की पलीकडून, नेमकं तिथेच लोक चुकतात. एक्सप्लोररवर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हिशेब सोपा.

खरी किंमत वसूल होते ती रंगांत. हिरव्या तुटक रेषा सार्वजनिक हक्काच्या वाटा: आखूड तुकड्यांची फक्त पायी चालणाऱ्यांना, लांब तुकड्यांची घोडा आणि सायकललाही. काळ्या तुटक रेषेवर भिस्त ठेवू नका. वाट जमिनीवर असते, जायचा हक्क असेलच असं नाही. नारिंगी तुटक रेषेची वाट मालकाच्या मर्जीवर. तो ती बंदही करू शकतो. फिकट पिवळा भाग २००० सालच्या कायद्याने खुला, तिथे वाट सोडूनही चालता येतं. मात्र सायकल आणि तंबू सहसा चालत नाहीत, आणि १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याचा पट्टा दोन मीटरपेक्षा लांब नको. स्कॉटलंडमध्ये हे गणित लागू नाही. तिथे २००३ चा वेगळा, बराच उदार कायदा आहे.

कागदी आवृत्ती घड्यांवर फाटते. लॅमिनेटेड जड आणि जाडजूड, तरी पावसात तीच टिकते. छपाईनंतर वाट वळवली गेली असेल तर स्थानिक कौन्सिलचा अधिकृत नकाशा पाहावा.