सी-अँकर की नांगर? छोट्या होडीतून वाहत गरवताना (गळाने मासे धरताना) काय सोडावं

इंजिन बंद केल्यावर होडी सरकते ती दोन कारणांनी: एकतर वारा तिला ढकलतो, नाहीतर पाणीच तिला घेऊन चाललेलं असतं. बहुतेक वेळा दोन्ही थोडंथोडं. यातलं जास्त काय, हे कळल्याशिवाय सी-अँकर (पाण्यात सोडून होडीला मागे ओढून धरणारा कापडी शंकू) घ्यायचा की नांगरावर भागवायचं हे ठरवता येत नाही. नांगर जमीन धरतो, सी-अँकर पाणी धरतो. पाणीच वाहत असेल तर सी-अँकरही होडीसकट त्याच्याबरोबर जाणार.

हे ओळखायला लिटरची एक बाटली पुरते. ती गळ्यापर्यंत पाण्याने भरा, बूच घट्ट लावा आणि बारीक दोरी बांधून होडीशेजारी सोडा. दोरी सैलच ठेवा. बाटली जवळजवळ बुडालेली असते, म्हणून तिला वारा लागत नाही. होडी तिला मागे टाकून निघाली तर ढकलणारा वारा आहे. दोन्ही शेजारीच राहिल्या आणि तरी मोबाइलच्या जीपीएसवर वेग दिसतोय, तर ती पाण्याची ओढ.

कोकण किनाऱ्यावर हा फरक ठळक आहे. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मालवण-गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास. म्हणून रायगडातल्या खाड्यांच्या तोंडाशी सी-अँकरवर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. सिंधुदुर्गात मोकळ्या पाण्यात दुपारचं खारं वारं सुटलं की मात्र त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

किती फरक पडतो ते बघा. होडी ताशी दोन किलोमीटरने सरकत असेल तर मिनिटाला ३३ मीटर जाते. पन्नास मीटर रुंदीचं खडप (पाण्याखालचा खडकाळ तळ) दीड मिनिटात मागे पडतं. पंचवीस मीटर पाण्यात शिसं तळाला टेकून गळाचा दोर ताणेपर्यंत त्यातला बराच वेळ संपलेला असतो. सी-अँकरने वेग निम्मा झाला की तीन मिनिटं मिळतात. शिवाय दोर तिरका न जाता उभा राहतो, हलकं शिसं चालतं आणि तांबोशीने आमिषाला दिलेली टोच बोटाला कळते.

नांगराचा फायदा सरळ आहे: मासा जिथे आहे तिथेच राहता येतं. बिळाशी बसणाऱ्या गोबऱ्यासाठी नांगरच बरा. पण दोर खोलीच्या निदान तिप्पट, वारा असेल तर पाचपट लागतो. पंचवीस मीटरला म्हणजे ७५ ते १२५ मीटर दोर आणि पुढे दोन-तीन मीटर साखळी. हे सगळं दर जागी हाताने वर ओढायचं, आणि खडपात फाळ (नांगराचे टोकदार हात) अडकण्याची भीती वेगळीच. त्यावर उपाय असा: साखळी नांगराच्या बुडाला, फाळांच्या बाजूला, पक्की करा आणि वरच्या कडीला फक्त सुतळीने बांधा. नांगर अडकला की जोराने ओढल्यावर सुतळी तुटते आणि तो उलटा निघून येतो. प्रवाळावर मात्र नांगर टाकूच नये. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झालं ते अशाच ठेव्यासाठी. मोडलेलं प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

१८ ते २२ फुटी फायबर होडीला ९० ते १२० सेंटिमीटर तोंडाचा कापडी शंकू पुरतो. अनेकजण रंगाची रिकामी बादली सोडतात. तिचं तोंड साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या शंकूच्या क्षेत्रफळाचा नववा हिस्सा. त्यात पहिल्या चार-पाच झटक्यांत कडी उपटते. बादली हा पर्याय आमच्या मते बाजूलाच ठेवावा.

शंकूच्या तोंडाला सारख्या लांबीच्या चार दोऱ्या, त्या जिथे एकत्र येतात तिथे फिरती कडी, पुढे १० मिलिमीटरचा नायलॉन दोर. फिरती कडी नसेल तर शंकू गोल फिरतो आणि दोरांचा पीळ होऊन तोंड मिटतं. खालच्या काठाला अर्धा किलो शिसं आणि वरच्या काठाला छोटा बोया लावला नाही, तर तो लाटेवर उड्या मारतो आणि काहीच धरत नाही. दहा-पंधरा मीटर दोर सोडा. झटके बसत असतील तर होडी लाटेच्या माथ्यावर आणि शंकू खळग्यात आहे असं समजा, आणि लांबी दोन-तीन मीटरने बदलून बघा. शेपटीला, म्हणजे शंकूच्या निमुळत्या टोकाला, सोडवणीची (शंकू रिकामा करून वर ओढायची) वेगळी दोरी हवी, मुख्य दोरापेक्षा दोन-तीन मीटर लांब. ती आखूड पडली तर शंकू आपोआप मिटतो आणि होडी पूर्वीसारखीच पळते.

दोर नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाला) बांधला की होडी लाटेला तोंड करून राहते. होडीच्या मध्यावर बांधला तर ती आडवी सरकते आणि तिघांना एकाच बाजूने गरवता येतं, पण ते फक्त शांत पाण्यात. मागे, इंजिनाकडे, कधीही बांधू नये. तिथे काठ सर्वांत खाली आणि वजन सर्वांत जास्त, त्यामुळे एक मोठी लाट पुरते.

सी-अँकर घेतला म्हणून नांगर घरी ठेवायचा नाही. दुपारी इंजिन बिघडलं तर वारा किनाऱ्याच्या खडकांकडे नेतो. सी-अँकर ते जाणं हळू करतो, थांबवत नाही. पाणी उथळ झाल्यावर थांबवणारा नांगरच. पहाटेच्या मतलई वाऱ्यात उलट होतं: होडी बाहेर जाते, खोली वाढत जाते, दोर तळाला पोचत नाही. तिथे सी-अँकर उपयोगी पडतो.

मोठी सुरमई लागली आणि ती होडीभोवती फिरू लागली, तर आधी सोडवणीची दोरी ओढा. शंकू शेपटीकडून रिकामा होत वर येतो, एका माणसाला सहज ओढता येतो. तो आणि दोन्ही दोर होडीत आल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय इंजिन चालू करू नका. पंख्यात दोर गुंडाळला गेला तर तो कापायला माणसाला पाण्यात उतरावं लागतं.