द लॉस्ट बॉइज की निअर डार्क?

ऐंशीच्या दशकातला एकच व्हॅम्पायरपट पाहायचा असेल, तर १९८७ सालच्या या दोन अमेरिकी चित्रपटांपैकी कोणता निवडावा, असे एका मैत्रिणीने विचारले. दोन्ही सुमारे दीड तासाचे आहेत आणि दोन्हींत एका मुलीच्या ओढीने साधा तरुण रक्तपिपासूंच्या टोळीत सापडतो, त्यामुळे तुलना रास्त आहे.

वातावरणाच्या दृष्टीने जोएल शूमाकर यांचा 'द लॉस्ट बॉइज' कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एका काल्पनिक गावात, मनोरंजन उद्यानातील पाळण्यांच्या झगमगाटात, रॉक संगीत आणि विनोदासह घडतो. कॅथरिन बिगेलो यांचा 'निअर डार्क' मात्र अमेरिकेच्या ओसाड मैदानी प्रदेशात भटकतो.

भयाच्या बाबतीत माझा कौल निःसंशय 'निअर डार्क'ला आहे. त्यात 'व्हॅम्पायर' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, लांब सुळेही दिसत नाहीत. परंतु पोलिसांच्या गोळ्यांनी मोटेलच्या भिंतींना भोके पडतात आणि त्यांतून आत घुसणारी उन्हाची प्रत्येक तिरीप गोळीपेक्षा घातक ठरते, तो प्रसंग विसरता येत नाही. 'टँजरिन ड्रीम' या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतसमूहाचे संगीत ही अस्वस्थता अधिकच गडद करते.

शेवट मात्र त्याचा लंगडा आहे, कारण रक्त बदलून शाप उतरवणे फारच सोपे वाटते. तेथे 'द लॉस्ट बॉइज' अधिक रंगतो.

मित्रमंडळींसोबत हसतखेळत पाहायचा असेल, तर 'द लॉस्ट बॉइज' घ्यावा. एकट्याने, रात्री, मन लावून पाहणाऱ्यासाठी 'निअर डार्क'च योग्य.