न्यूझीलंडचं स्फॅग्नम मॉस: पैसे वसूल, पण सरसकट सगळ्या झाडांना नको

न्यूझीलंडहून येणारी दाबलेल्या स्फॅग्नम मॉसची (दलदलीत वाढणारं लांब धाग्यांचं शेवाळ, वाळवून कटिंगला मुळं फुटवायला वापरतात) १५० ग्रॅमची वीट उन्हाळा-पावसाळा दोन्हीत वापरून झाल्यावर लिहितेय. ऑनलाईन जे रिव्ह्यू दिसतात ते बहुतेक पार्सल उघडल्या उघडल्या टाकलेले असतात, पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत वगैरे, आणि ज्याला घरी मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियमची कटिंग जगवायचीय त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधी किमतीचं बोलू कारण तिथेच सगळे अडतात. ग्रॅमच्या हिशोबाने बघितलं तर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) कितीतरी पट महाग आहे हे. पण १५० ग्रॅमची वीट भिजली की १२ लिटरच्या आसपास फुगते, एक बादली भरते जवळपास, आणि कटिंगच्या एका छोट्या डब्याला मूठ-दोन मुठी पुरतात. अख्खी वीट एकदम भिजवायची नाही, कडेचा तुकडा मोडून घ्यायचा आणि बाकीची कोरडी झिपलॉकमध्ये ठेवायची. मैत्रिणीबरोबर अर्धी अर्धी वाटून घेतलीत तर अजूनच परवडते.

आता हे चालतं का? हो, आणि मस्त चालतं. स्फॅग्नमच्या पानांत मोठ्या रिकाम्या पेशी असतात, त्यांना बारीक छिद्रं असतात, त्यामुळे ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १५-२० पट पाणी धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापसाच्या जागी हेच वापरायचे ते याच गुणामुळे. पण आपल्या कामाची गोष्ट ही की इतकं पाणी धरूनही धाग्याधाग्यांच्या मधे हवा खेळती राहते, आणि कटिंगला दोन्ही एकाच वेळी लागतं. बारीक कोकोपीट पाणी घातलं की हळूहळू दबत जातं, हवा संपते आणि कटिंगचं खालचं टोक काळं पडायला लागतं. मॉन्स्टेरा मूळची दक्षिण मेक्सिको ते पनामाकडच्या जंगलातली, तिथे ती झाडांवर चढते आणि तिची हवेतली मुळं ओलसर सालीला धरून राहतात. त्या मुळांना ओल आणि हवा एकत्र मिळाली की ती झपाट्याने चालायला लागतात, मॉसमध्ये नेमकं हेच मिळतं.

मी वापरते ती पद्धत अशी. मॉस कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवायचं, मग दोन्ही हातांनी घट्ट पिळायचं, अगदी थेंब पडायचा थांबेपर्यंत. पिळून वाळत टाकलेल्या फडक्याइतकंच ओलं हवं, त्याहून जास्त नाही. सगळा खेळ या पिळण्यात आहे, ज्यांची कटिंग मॉसमध्ये सडतात त्यांचं नव्वद टक्के वेळा मॉस नीट पिळलेलं नसतं. मग पार्सलचा पारदर्शक डबा घ्यायचा, मॉस पोकळ भरायचं, दाबायचं नाही, आणि कटिंगचं पेर आत जाईल आणि पान वर राहील असं बसवायचं. पेर नसलेलं नुसतं पान लावलं तर देठाला मुळं फुटतीलही एखादवेळी पण मॉन्स्टेराला नवीन कोंब त्यातून कधीच येणार नाही, ज्यांना कुणी नुसतं पान विकतंय त्यांनी ते घेऊ नका. पांढऱ्या पट्ट्यांचं अल्बो (मॉन्स्टेराचाच प्रकार) असेल तर पेराजवळच्या खोडावर पण पांढऱ्या रेघा आहेत का ते बघा, पान कितीही सुंदर असलं तरी नवी पानं कशी येणार हे त्या खोडावरून आणि डोळ्यावरूनच कळतं.

पारदर्शक डबा का, तर मुळं दिसतात. आधी जुन्या तपकिरी हवाई मुळाच्या टोकाशी एक पांढराशुभ्र ठिपका येतो, मग तो लांबतो, त्यावर बारीक लव दिसायला लागते, मग ते मूळ डब्याच्या भिंतीला टेकून वळतं. हे बघायला मला अजूनही सकाळी चहाच्या आधी जावंसं वाटतं. त्या मुळाला बाजूने छोट्या फांद्या फुटल्या की कुंडीत हलवायची वेळ झाली, त्याआधी घाई नको.

पावसाळ्याचं मात्र वेगळं आहे आणि हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. मी ठाण्यात राहते, जुलैत हवा आधीच इतकी दमट की डब्याला झाकण लावलं तर बुरशी आलीच म्हणून समजा. तेव्हा झाकण काढायचं, मॉसमध्ये अर्धं परलाईट (पांढरे हलके खनिजाचे दाणे) मिसळायचं, आणि वरचा थर हाताला कोरडा लागेपर्यंत पाणी घालायचं नाही. उलट पुण्यात वहिनीकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की झाकण नसेल तर मॉस दोन दिवसांत कुरकुरीत होतं. त्यामुळे झाकण ठेवू की नको हे युट्यूबवर बघून ठरवू नका, आपल्या शहरावर आणि महिन्यावर ठरवा.

पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर मॉसवर पांढरे क्षार बसतात, शक्यतो पावसाचं किंवा आरओचं घाला. आणि हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर हातमोजे घालाच, स्फॅग्नममधून स्पोरोथ्रिक्स नावाच्या बुरशीचा त्वचेला संसर्ग होऊ शकतो. कोरडी वीट मोडताना धूळ उडते, तेव्हा मास्क लावा.

आता कुठे वापरू नये ते. मनीप्लांट, सिंगोनियम यांना मॉस म्हणजे पैसे वाया, काचेच्या बाटलीत पाणी भरून पेर बुडवलं की झालं. स्नेक प्लांटचं पान मॉसमध्ये नका लावू, त्याला इतकी सततची ओल मानवत नाही, कापलेली बाजू वाळवून जाड वाळू-परलाईटमध्ये लावा (आणि पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान लावलंत तर येणारी पिल्लं बहुतेक काठाशिवायच येतात, तिथे मुळापासून वेगळं करणंच बरं). मॉसबरोबर रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारी पावडर) पण घ्या असं दुकानदार हमखास सांगतात, मला मॉन्स्टेरासारख्या वेलींसाठी त्याची अजिबात गरज वाटली नाही कारण पेरापाशी मुळं फुटायची यांची तयारी आधीच असते. ती पावडर जास्वंद, बोगनवेलीच्या काडीसाठी राखून ठेवा.

खरेदी करताना एक सांभाळा. एका ऑनलाईन विक्रेत्याकडून मला आधी स्वस्तातलं पाकीट आलं होतं, वर मोठ्या अक्षरात स्फॅग्नम आणि आत हिरवट चपटं शेवाळ, काड्या आणि माती, भिजवल्यावर नुसता चिखल. परत घेतलं पण पैसे यायला बराच पाठपुरावा करावा लागला. खरं मॉस कोरडं असताना फिकट बदामी असतं, धागे लांब असतात, भिजवल्यावर धागा मोकळा होऊन टोकाला छोटा झुपका दिसतो, आणि पिळून सोडलं की परत फुलतं. फोटोत धाग्यांचा क्लोजअप नसेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या, देत नसेल तर सोडून द्या.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो कुंडीत हलवताना होणाऱ्या त्रासासाठी, मुळं धाग्यांत इतकी गुंततात की ओढलं तर तुटतातच, डबा अर्धा तास पाण्यात ठेवून बोटांनी जमेल तेवढंच मॉस सोडवायचं आणि घट्ट चिकटलेलं तसंच राहू द्यायचं, फक्त मधे मोठा गोळा राहणार नाही एवढं बघायचं नाहीतर पावसाळ्यात कुंडीच्या पोटात तोच ओला राहतो. निघालेलं मॉस टाकू नका, उकळतं पाणी ओतून, पिळून, उन्हात वाळवलं की पुढच्या कटिंगला चालतं, तुकडे पडून भुगा व्हायला लागला की मग कुंडीच्या मातीत मिसळून टाका.